बिनतारी खटका आणि कातळावरचा मासा

बालमित्रांनो, आजचा लेख वाचण्याआधी एक छोटासा प्रयोग करून बघा. फार काही लागत नाही. एक टॉर्च आणि एक रुपयाचं नाणं, बस्स! रात्री जेवणं आटोपली की नाणं जमिनीवर ठेवा आणि खोलीतला दिवा मालवा. आधी टॉर्च आपल्या नाकाजवळ धरा आणि उजेड सरळ नाण्यावर पाडा. नाणं चकचकीत दिसेल, पण त्यावरची अक्षरं काही नीट उठून दिसणार नाहीत. आता टॉर्च खाली आणा, जमिनीला टेकवा आणि उजेड बाजूने, तिरपा पडू द्या. बघा बरं, अक्षरं, आकडा, सिंहांची मुद्रा, सगळं कसं वर उठून आलं! प्रत्येक अक्षराच्या एका कडेला उजेड आहे आणि दुसऱ्या कडेला बारीकशी सावली.

नाणं तेच आणि टॉर्चही तोच. बदलली ती फक्त उजेड येण्याची बाजू. ही एवढीशी गोष्ट नीट समजली तर तिचा केवढा उपयोग होतो, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका लहानशा जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक, पुढे अंगण आणि मागे चढण. ती चढण चढून गेलं की सडा लागतो. कोकणाबाहेरच्या वाचकांना सांगते, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं लांबच लांब सपाट पठार. पावसाळ्यात त्यावर पाणी साचतं, बारीक बारीक रानफुलं येतात आणि गुरं चरायला जातात. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि खालचा काळपट कातळ उघडा पडतो.

या कातळावर फार पूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. त्यांना आपण कातळशिल्पं म्हणतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पलीकडे गोव्यातही ती आहेत. आमच्या जिल्ह्यात उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे अशा कितीतरी ठिकाणी ती पाहायला मिळतात. कशेळीच्या सड्यावर तर सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद असा अवाढव्य हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्यांची गर्दी आहे! काही ठिकाणी गेंड्याची चित्रं आहेत. आज कोकणात गेंडा औषधालासुद्धा सापडत नाही. मग ज्याने तो कोरला, त्याने तो कुठे पाहिला असेल? अभ्यासक या चित्रांचा काळ पार मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ही चित्रं शोधली, त्यांच्या नोंदी केल्या. 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातल्या या कातळशिल्पांचं नाव लागलं.

आमच्या शाळेमागच्या सड्यावरही एक मासा आहे. साधारण सहा फूट लांबीचा. पण त्याची रेघ इतकी उथळ झाली आहे, की बोटाच्या पेराएवढीसुद्धा खोल उरलेली नाही. रत्नागिरीत पाऊस पडतो वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. अशा किती पावसांनी ती रेघ धुतली असेल कोण जाणे! वर शेवाळं वाळून काळं पडलेलं. दुपारी बारा वाजता तुम्ही त्या माशाच्या पोटावर उभे राहिलात तरी पायाखाली मासा आहे हे कळायचं नाही. सूर्य डोक्यावर असला की उजेड सरळ खाली पडतो आणि खाचेत सावलीच पडत नाही. म्हणजे आपला नाकाजवळ धरलेला टॉर्चच की तो!

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी जन्मभर त्या सड्यावर गुरं घेऊन गेली. तिला मी विचारलं, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "काय नाय गो बाय तितं. नुसता कातळ हाय. मासे समिंदरात असतत, सड्यार खुठले?"

आजीचं एक वेळ राहू दे. खरी काळजी वेगळीच होती. सड्याच्या त्या बाजूला चिरेखाण पुढे पुढे सरकत होती. जांभ्याचे चिरे म्हणजे आपल्या घरांच्या भिंती. माझं घर चिऱ्याचं, शाळाही चिऱ्याचीच. तेव्हा खाणीला नावं ठेवून चालणार नाही. जागेचे मालकही काही वाईट माणूस नव्हेत. मुलीच्या शिक्षणाला पैसा हवा म्हणून त्यांनी तो तुकडा खाणीला द्यायचं ठरवत आणलं होतं. मी मासा आहे म्हणून सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता म्हणजे असेल. पण मला तर काही दिसत नाही. न दिसणाऱ्या माशासाठी मी जमीन अडकवून ठेवू?"

त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. न दिसणारी गोष्ट कोण आणि कशाला जपेल? म्हणजे आधी मासा दिसायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात ही गोष्ट निघाली. एक चुणचुणीत मुलगा लगेच खडूची पेटी घेऊन उभा राहिला. "बाई, आपण रेघेत खडू भरू या! म्हणजे मग लांबनंसुद्धा दिसेल."

कल्पना वरवर छान वाटते की नाही? पण तसं करायचं नसतं, बरं का. खडू, रांगोळी, रंग, पीठ, काहीही कातळशिल्पात भरायचं नाही. ते दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतं. घासून काढायला जावं, तर रेघेची कडाच झिजते. शिवाय आपण खडू भरतो तो आपल्याला दिसते तिथे. रेघ चुकली तर मूळ चित्रच बदलून जातं. हे मी मुलांना सांगितलं आणि विचारलं, "दगडाला बोटही न लावता रेघ उठून दिसेल, अशी कोणती वस्तू आहे?" वर्ग गप्प झाला. मग खिडकीशी बसणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ऊन?"

अगदी बरोबर! सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन. पण उन्हाची एक अडचण असते. ते येतं आपल्या मर्जीने, आपल्या नव्हे. सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेने एखादी रेघ गेली असेल, तर तिच्यात सावली पडत नाही आणि ती दिसतच नाही. नाण्यावर हेही करून बघा. टॉर्च नाण्याभोवती गोल फिरवलात तर काही रेघा दिसेनाशा होतात आणि काही नव्याने उमटतात. आम्हाला उजेड हवा होता चारही बाजूंनी, अगदी जमिनीलगत आणि आमच्या इशाऱ्यावर येणारा. म्हणून मी माझा फ्लॅश बाहेर काढला.

मला फोटो काढण्याचा नाद आहे. दुसऱ्याच्या हातून घेतलेला एक जुना डिजिटल कॅमेरा आहे आणि एक साधा फ्लॅश आहे. तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला की फोटो कसे येतात, ते तुम्ही घरच्या अल्बममध्ये पाहिलं असेल. रात्रीच्या बारशाचे, लग्नाचे फोटो आठवा. चेहरे पांढरेफटक, पाठीमागे भिंतीवर काळी सावली आणि काका-काकूंचे डोळे चक्क लाल! उजेड कॅमेऱ्याजवळूनच निघतो, थेट डोळ्यात शिरतो आणि आतल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन परत येतो, म्हणून डोळे लाल दिसतात. आणि उजेड समोरून आला, की नाकाची, गालाची सावली कॅमेऱ्याला दिसत नाही. चेहरा कागदावर चिकटवल्यासारखा सपाट वाटतो.

यावर उपाय एकच. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा आणि बाजूला न्यायचा. बोलायला सोपं आहे, पण त्यात एक मेख आहे. कॅमेऱ्याच्या आत दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकतो, आतल्या भागावर उजेड पडतो, मग मागून दुसरा पडदा येऊन तो झाकतो. हे सगळं सेकंदाच्या साधारण दोनशेव्या भागात आटोपतं. फ्लॅशचा लखलखाट तर त्याहूनही थोडा वेळ टिकतो, सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. पहिला पडदा पूर्ण उघडलेला आहे आणि दुसरा अजून निघालेला नाही, नेमक्या त्या फटीत फ्लॅश उडायला हवा. जरा पुढेमागे झालं की फोटो अर्धा काळा! मग दूर ठेवलेल्या फ्लॅशला अगदी वेळेवर "हं, आत्ता!" असं सांगणार कोण?

तार जोडता येते. पण आमचा कॅमेरा असणार होता शिडीवर आणि फ्लॅश सात मीटर दूर जमिनीवर. मध्ये तार आणि भोवती वीस मुलं! कोणाचा तरी पाय अडकून कॅमेरा खाली आलाच म्हणून समजा. दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडणारे फ्लॅशही असतात. पण उघड्यावर लख्ख उजेड असला की त्यांना इशारा ओळखू येत नाही आणि आड काही आलं की तो दिसतही नाही. तिसरा मार्ग म्हणजे बिनतारी ट्रिगर. आमच्या वर्गात त्याचं नाव पडलं 'बिनतारी खटका'.

हा खटका म्हणजे काडेपेटीहून थोड्या मोठ्या दोन डब्या. एक डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसते, ती बोलणारी. दुसरी फ्लॅशच्या पायाशी बसते, ती ऐकणारी. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की बोलणारी डबी रेडिओलहरी सोडते. ऐकणाऱ्या डबीला त्या मिळाल्या की ती फ्लॅश उडवते. अशा बऱ्याच डब्या 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. म्हणजे त्या लहरी सेकंदाला 240 कोटी वेळा कंप पावतात! घरातलं वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात काम करतात. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने धावतात, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. मग तीस मीटर अंतर कापायला त्यांना किती वेळ लागेल? गणित करा बरं. सेकंदाचा एक कोटीवा भाग! आपल्या पापणीला लवायला लागणारा वेळ त्यापुढे एखाद्या युगासारखा म्हणायचा.

आणि मुलांनो, दुरून बिनतारी खटका दाबण्याची ही करामत आपल्या देशात फार पूर्वीच करून दाखवली गेली आहे. 1895 साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर एक प्रयोग केला. एका जागी त्यांनी विद्युतलहरी निर्माण केल्या आणि दूर दुसऱ्या जागी, मध्ये भिंती असताना, त्या लहरींनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मध्ये तार नव्हती की दोरी. ज्यांनी ते पाहिलं त्यांना ती जादूच वाटली असेल. माझ्या हातातली प्लॅस्टिकची डबी त्या प्रयोगाचीच नात-पणती आहे.

पूर्वी असे रेडिओ ट्रिगर महाग असत आणि मोठ्या स्टुडिओवाल्यांकडेच दिसत. 2000 सालानंतर चीनमधल्या कारखान्यांतून स्वस्त जोड्या येऊ लागल्या आणि हौशी माणसाचीही सोय झाली. माझी जोडी मला साधारण दोन हजार रुपयांत मिळाली. स्वस्त डब्या एवढंच काम करतात, 'उड' म्हणून सांगतात. किती उजेड टाकायचा हे फ्लॅशला सांगत नाहीत. ते आपणच फ्लॅशवर ठरवायचं. माझ्या फ्लॅशवर पूर्ण, 1/2, 1/4, 1/8 असं करत 1/64 पर्यंत आकडे आहेत. माझ्या चौथीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवायला याहून झकास साधन मला अजून मिळालेलं नाही! 1/8 मोठा की 1/4 मोठा, याचं उत्तर मुलांना भिंतीवर दिसतं.

शेवटी एका शनिवारी आम्ही सड्यावर गेलो. डिसेंबर महिना होता. पालकांची परवानगी घेतली होती. चार पालक सोबत होते आणि मांडववाल्याकडून आणलेली घडीची उंच शिडी होती. उन्हं उतरली, सूर्य समुद्रात गेला आणि आकाशात थोडासाच उजेड उरला. याच वेळेची आम्ही वाट पाहत होतो. फार उजेड असला तर फ्लॅशचा जोर दिसत नाही. फार अंधार झाला तर सड्यावर फुरशाची भीती. म्हणून अर्ध्या तासात सगळं उरकायचं असं ठरवलं होतं.

शिडी माशापासून थोडी बाजूला उभी केली. दोन पालकांनी ती घट्ट धरली आणि मी वर चढले. फ्लॅश धरायचं काम मुलांनी पाळीपाळीने करायचं होतं. पहिल्या मुलाने फ्लॅश माशापासून दोन मीटरवर ठेवला, जमिनीपासून वीतभर उंच. मी बटण दाबलं. लख्ख! फोटो पाहिला तर माशाचं तोंड पांढरंफटक आणि शेपटी अंधारात.

खाली येऊन मी मुलांना तो फोटो दाखवला आणि विचारलं, असं का? आम्ही आकडे मांडले. फ्लॅशपासून तोंड दोन मीटरवर आणि शेपटी जवळजवळ चार मीटरवर. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. दोनाचा वर्ग चार, म्हणून एक चतुर्थांश. मग फ्लॅश मागे नेला, सहा मीटरवर. आता तोंड सहा मीटरवर आणि शेपटी आठ मीटरवर. 6 भागिले 8 म्हणजे पाऊण. पाऊणचा वर्ग 9/16, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. फ्लॅश दूर नेला म्हणून एकूण उजेड घटला, तेव्हा त्याची ताकद 1/8 वरून 1/2 वर आणली. पण तोंड आणि शेपटी यांच्यातला फरक खूपच कमी झाला. मुलांना हे गणित फळ्यावर दाखवलं असतं तर जांभया आल्या असत्या. सड्यावर मात्र सगळे ओणवे होऊन पावलांनी अंतर मोजत होते.

पुन्हा शिडीवर चढले. पुन्हा लख्ख! आणि कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर मासा आला. पूर्ण मासा. फुगीर पोट, कल्ल्याची वळणदार रेघ, शेपटीचे दोन फाटे. खाचेच्या एका कडेला उजेडाची कोर आणि दुसऱ्या कडेला काळी सावली. कोणीतरी आत्ताच कोरून उठून गेलं असावं इतका ठसठशीत. खाली उभी असलेली मुलं ओरडली, "बाई, दाखवा ना! दाखवा ना!"

मग आम्ही फ्लॅश चारही दिशांना नेला. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. शिडी आणि कॅमेरा जागचे हलवले नाहीत. पूर्वेच्या उजेडात पाठीची रेघ दिसेना, पण कल्ले छान दिसले. उत्तरेच्या उजेडात पाठ उमटली आणि कल्ले बुजले. आणि दक्षिणेच्या फोटोत शेपटीच्या खाली आणखी काहीतरी होतं. वीतभर लांबीचा दुसरा मासा! मी त्या सड्यावर कितीदा गेले होते, पण तो कधी दिसला नव्हता. तो पहिल्यांदा पाहिला खिडकीशी बसणाऱ्या त्या मुलीने, माझ्या हातातल्या कॅमेऱ्यावर नाक टेकवून.

असा चहूबाजूंनी उजेड टाकून दगड वाचण्याची रीत मोठमोठे अभ्यासकही वापरतात. कॅमेरा एका जागी ठेवून ते पन्नास-पन्नास दिशांनी उजेड पाडतात आणि ते फोटो संगणकावर एकत्र करतात. ही पद्धत टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली मांडली. त्याच्याही आधी, 1944 साली, अमेरिकेचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी रात्रीच्या अंधारात विमानातून प्रचंड मोठा फ्लॅश उडवून इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचा फोटो काढला होता. आमच्याकडे विमान नव्हतं, मांडववाल्याची शिडी होती.

सोमवारी मुलांनी ते चारही फोटो समोर ठेवून कागदावर माशाचं चित्र काढलं. ज्याला जी रेघ दिसली ती त्याने सगळ्यांना पटवून द्यायची, मगच ती चित्रात घ्यायची, असा नियम होता. खूप भांडणं झाली! कोणी म्हणे हा डोळा, कोणी म्हणे हे नुसतं दगडाचं छिद्र. शेवटी ज्यावर एकमत झालं नाही, ते तुटक रेघेने दाखवलं. फोटो आणि चित्र आम्ही अभ्यासकांकडे पाठवून दिलं. रत्नागिरीच्या स्टुडिओतून एक मोठा फोटोही छापून आणला.

26 जानेवारीला झेंडावंदनाला सगळा गाव शाळेत येतो. तो फोटो आम्ही व्हरांड्यात लावला होता. आजी आली. बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ह्येच्या अंगार बसून मी भाकर खाल्ली गो!" जागेचे मालकही आले. ते काही बोलले नाहीत. फक्त फोटोतल्या माशावर बोट न टेकवता, हवेतच, तोंडापासून शेपटीपर्यंत रेघ फिरवली आणि विचारलं, "कुठल्या बाजूने उभं राहिल्यावर असा दिसतो?"

पुढच्या आठवड्यात सड्यावर गेले, तर माशाभोवती चिऱ्यांची एक बुटकी ओळ मांडलेली दिसली. आतून ट्रॅक्टर जाऊ नये म्हणून. खाण थांबली असं मी म्हणणार नाही. ती दुसऱ्या बाजूला चालू आहे आणि त्यांच्या मुलीचं शिक्षणही चालू आहे. पण तो तुकडा त्यांनी वगळला. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या हत्तीभोवती कठडा बांधला, तसा आपणही कधीतरी बांधू, असं आता गावात बोलणं आहे.

आता तुम्ही काय करू शकाल ते सांगते.

ट्रिगर आणि फ्लॅश नसला तर अडून बसू नका. मोबाइलला असे ट्रिगर सहसा जोडता येत नाहीत, पण त्याची गरजही नाही. एका मित्राने टॉर्च धरायचा, मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर पक्का टेकवायचा आणि खोलीत अंधार करून एखादं नाणं, आंब्याचं पान किंवा शंख घेऊन चार बाजूंनी चार फोटो काढायचे. चारांत काय काय वेगळं दिसलं, ते वहीत लिहून काढा.

घरात कोणाकडे कॅमेरा आणि फ्लॅश असेल, तर पालकांसाठी दोन शब्द. स्वस्त ट्रिगर घेताना दोन्ही डब्यांवर एकच चॅनेल लावलाय ना ते पाहा. शटरचा वेग 1/160 किंवा 1/200 च्या पुढे नेऊ नका, नाहीतर फोटोत काळा पट्टा येतो. फार जुना फ्लॅश थेट नव्या कॅमेऱ्यावर बसवू नका, कारण काही जुन्या फ्लॅशचा विद्युतदाब नव्या कॅमेऱ्याला सोसत नाही. काम झालं की डब्यांतले सेल काढून ठेवा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत सेल फुटून आतले पत्रे गंजतात.

आणि मुलांनो, तीन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. फ्लॅश कोणाच्याही डोळ्यांजवळ उडवायचा नाही. बाळांच्या, गुरांच्या, घरट्यातल्या पाखरांच्या तर नाहीच नाही. बिघडलेला फ्लॅश उघडून बघायचा नाही. त्याच्या आत सुमारे तीनशे व्होल्टपर्यंत भरलेला कपॅसिटर असतो आणि सेल काढल्यावरही तो जोराचा झटका देऊ शकतो. तिसरी गोष्ट, मोठ्या माणसांशिवाय संध्याकाळी सड्यावर जायचं नाही आणि कातळशिल्पावर पाय द्यायचा नाही, त्यात खडू, पाणी, रंग काही भरायचं नाही.

तुमच्या गावात कातळशिल्प नसेलही. पण जुन्या देवळाच्या पायरीवर झिजलेली अक्षरं असतील, विहिरीच्या काठावर साल कोरलेलं असेल, गावाबाहेर एखादा वीरगळ उभा असेल. दुपारी त्याच्याजवळून जाताना तुम्हाला नुसता दगड दिसला असेल. आता संध्याकाळी साडेपाच-सहाच्या उन्हात पुन्हा जा, आईबाबांना घेऊन जा, आणि एका बाजूने दिसलं नाही तर दुसऱ्या बाजूने पाहा. काही दिसलं तर त्याला हात लावू नका. कागदावर चित्र काढा, खाली तारीख घाला आणि शाळेत आपल्या बाईंना किंवा गुरुजींना नेऊन दाखवा.